बश्या बाद झाला

१९३२ सालची ती हुतूतूची लढत आठवली की आजही माझे हात शिवशिवतात! सात रस्त्याजवळचं आमच्या शाळेचं मैदान, चौथी विरुद्ध पाचवी. मी चौथीचा कप्तान, आणि नेमका त्याच सकाळी माझा सातवा गडी तापानं फणफणला. वर्गात उरला फक्त बसलिंगप्पा, म्हणजे आमचा बश्या. लहानपणीच्या आजारात त्याचे पाय लुळे पडलेले. तो हातांवर सरकत चालायचा.

पाचवीचा कप्तान रामहरी उदारपणे म्हणाला, "घ्या की बश्याला. कच्चं लिंबू म्हनून."

म्हणजे तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही, आणि त्यानं कुणाला पकडलं तरी मोजायचं नाही. कुठलाही खेळ असो, बश्या कायमचाच कच्चं लिंबू. मी खूश झालो. बश्या मात्र लालबुंद.

"बाद झालो तर बाद धरायचं. न्हायतर मी खेळत न्हाय!"

"अरं, हरू की आपन!" मी खेकसलो. पण दुसरा गडी आणणार कुठून?

पहिल्याच चढाईत रामहरी बश्याच्या खांद्याला शिवून परतला आणि पंच म्हणून उभ्या असलेल्या गुरुजींना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, त्याला कशाला बाद धरायचं?" गुरुजी घुटमळले. तोवर बश्या स्वतःच सरकत रेघेबाहेर जाऊन बसला, तोही ढाल जिंकल्याच्या ऐटीत! मला त्याचा असा संताप आला म्हणता!

मग मी चढाई करून त्यांचा एक गडी टिपला, तेव्हा बश्या जिवंत होऊन आत आला. डाव रंगत गेला. शेवटी आमच्याकडे मी आणि बश्या, त्यांच्याकडे एकटा रामहरी. तो घुमत आला, माझ्यावर झेपावला, आणि बश्यानं खालून त्याचा घोटाच धरला. रोज सगळं अंग ओढणाऱ्या हातांची पकड ती! रामहरी खेचतोय, बश्या मातीत फरफटतोय, पण सोडत नाही. हुतूतू, हुतू, हु... दम तुटला!

"कच्च्या लिंबानं धरल्यालं चालत न्हाय!" रामहरी ओरडला.

"मग मगाशी बाद होऊन भाईर कोन बसलं हुतं? तुजा आजा?" मी त्याच्या अंगावर धावलो.

गुरुजींनी शिट्टी फुंकली. चौथी जिंकली! मैदान दणाणलं.

रामहरी बश्यासमोर उभा राहिला. डोळ्यांत पाणी, नाकपुड्या फुललेल्या. "थांब, बश्या! येत्या शनवारी पयला तुलाच लोळवतो का न्हाय, बग!"

बश्याला आजवर सगळ्यांनी सांभाळून घेतलं होतं, गोंजारलं होतं, खाऊ दिला होता. असा दम कुणीच भरला नव्हता. त्याचा चेहरा उजळला.

"ये की!" तो आनंदानं किंचाळला. "वाट बगतो!"