ओट्यावरचं मशीन

सुई बोटात गेली, पण तापीबाईने तोंडातून आवाज काढला नाही. बोट पदराआड नेऊन चोखलं आणि पुन्हा मशीन चालवू लागली.

"अहो, तो तोंडावरचा पदर वर घ्या ना!" ग्रामसेविका रंजनाबाई वैतागली. "म्हसावदच्या शिवणवर्गात तुमच्याइतकी सरळ टीप कुणाची नव्हती. आणि इथे बाही उलटी जोडलीत!"

"मामंजी समोर बठेल शेतस," तापीबाई कुजबुजली. "कसा वर करू?"

"मग त्यांच्याकडे पाठ करून बसा."

"वं माय! मोठा मानूसकडे पाठ?"

रंजनाबाईने कपाळाला हात लावला. घरात मशीन न्यावं तर खिडकी नाही, भरदुपारी दिवा लावावा लागे. उजेड काय तो ओट्यावर, आणि ओट्यावर सासरे उखा पाटील. त्यांचे पाय गेलेले. रस्त्यावरून कोण गेलं, कोण आलं, हे खाटेवर बसून बघायचं, एवढंच त्यांचं सुख उरलं होतं.

"पुढच्या सोमवारी येईन," रंजनाबाई उठली. "शाळेचे सदरे तयार दिसले नाहीत, तर मशीन दुसऱ्या बाईला द्यावं लागेल. कर्जाचं आहे, माझ्या हातात काही नाही."

तापीबाईचा नवरा गेला, पाठोपाठ शेत गेलं. मशीन गेलं की दुसऱ्याच्या कपाशीत निंदायला जाणं आलं. पाटलाची सून म्हणून ज्यांच्याकडून मान घेतला, त्यांच्याच बांधावर उभं राहायचं!

बरं, सासऱ्यांना सांगावं तर बोलायची सोय नाही. या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. सासू जसोदाबाई होती तोवर तीच निरोप्याचं काम करी. ती गेल्यापासून पाटील दारातल्या म्हशीला सांगत, "भूक लागनी वं," आणि आतून तापीबाई कडी वाजवी. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला नाही येत. एका छपराखाली दोनच माणसं, आणि मधे म्हैस!

दुसऱ्या दिवशी शेजारचा धुडकू तंबाखू मागायला आला.

"धुडकू, मन्ही खाट भीतकडे फिरवी दे," पाटील म्हणाले. "उजेड डोयाले लागस."

"मंग रस्ता कसा दखाई, आबा?"

"जलमभर दखी लिधा. फिरव."

खाट फिरली. पाटील भिंतीकडे तोंड करून बसले. तापीबाई दाराआड उभी राहून बघत होती. मग ती बाहेर आली, मशीनवर बसली आणि तोंडावरचा पदर तिने वर सारला. टीप सरळ पडली. दुपारपर्यंत एक सदरा उतरला, दुसराही उतरला.

ऊन कलल्यावर फाट्यावर शहाद्याची यष्टी थांबल्याचा आवाज आला. पाटलांची मान ताठ झाली. वळायचं त्यांनी मनात आणलं असेल, पण वळले नाहीत. पाठ तेवढी थोडी वाकली.

तापीबाईने पाय थांबवला. तिने रस्त्याकडे पाहिलं.

"शहादानी यष्टी शे, मामंजी," ती म्हणाली. "बाज्यानी माय उतरनी. डोकावर गाठोडं शे."

आजवर सून पाटलांशी एक शब्दही बोलली नव्हती.

"आनि आखो कोन उतरनं?" त्यांनी भिंतीला विचारलं.