माझी चेन तुटली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि स्वभावाने रागीट आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात म्हणे. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी सूड उगवला आहे, आणि त्याची आठवण निघाली की मला अजून गुदगुल्या होतात.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या केरबा मिस्त्रींच्या दुकानात झाला. माझा सांगाडा विलायती, कॅरिअर इथल्याच लोहाराचं. केरबांनी महिनाभर खपून मला जुळवलं. चेनची एकेक कडी त्यांनी रॉकेलमध्ये धुतली, बोटांनी वाकवून पाहिली आणि मगच बसवली. "हिच्यावर बसून खुशाल फोंड्याच्या घाटापतूर जावा," ते माझ्या मालकाला म्हणाले. "चेन तुटली तर दुकानाला कुलूप घालतो."

माझे मालक म्हणजे अंबादास मास्तर, शाळेत भूगोल शिकवायचे. खोटं कशाला बोलू, पहिली चार-पाच वर्षं त्यांनी मला फुलासारखं जपलं. रोज फडक्याने पुसत, खंडेनवमीला झेंडूची माळ घालत. मीही त्यांना कधी वाटेत दगा दिला नाही.

मग त्रेपन्न सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मास्तरांच्या अंगात आलं. राधानगरी, तिथून दाजीपूरचं जंगल, मग फोंडा घाटाचा माथा आणि परत, असा दौरा त्यांनी एकट्याने करायचा ठरवला. सगळ्या शाळेला सांगून झालं. कुणीतरी म्हणालं, रानात वाटाड्या घ्या बरोबर. मास्तर हसले. "भूगोल शिकवणाऱ्याला वाटाड्या लागतो होय? नकाशा मी स्वतः काढलाय." तो नकाशा एका निळ्या वहीत होता आणि वहीवर त्यांचं नाव ठसठशीत लिहिलेलं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही राधानगरी गाठली. दुसऱ्या दिवशी जलाशयाच्या कडेकडेने चढ चढलो. मास्तर धापा टाकत होते, पण मी मजेत होते. दाजीपूरच्या पुढे त्यांनी नकाशातली जवळची वाट धरली. ती वाट फक्त नकाशातच होती. तासाभरात आम्ही गच्च झाडीत शिरलो, आणि समोर गवा उभा राहिला. काळाभोर, डोंगराएवढा, गुडघ्याखाली पाय पांढरे. तो बिचारा नुसता बघत होता. मास्तरांनी मला कारवीच्या झुडपांत फेकलं आणि धोतर सावरत जांभळीवर चढले. एवढ्या चपळाईने ते माझ्यावर कधी बसले नव्हते.

गवा निघून गेला तरी ते खाली उतरेनात. शेवटी जवळच्या धनगरवाड्यातली झुंबरबाई म्हशी घेऊन तिकडे आली. तिने वर पाहिलं.

"पावणं, उतरा की खाली! त्यो कवाच गेला पाण्यावर."

"मी... मी जरा परिसर पाहत होतो," मास्तर म्हणाले.

झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसली. तिनेच पुढे चालून आम्हाला सडकेवर आणून सोडलं. निळी वही जांभळीखालीच पडली होती, पण मास्तरांना तिचं भान नव्हतं.

आता घाटमाथा तीनच मैल उरला होता. मी म्हणत होते, चला, एवढं आलोय तर जाऊन येऊ. मास्तर मात्र सडकेवरच थांबले. पुढे जायची छाती नव्हती आणि तसंच परतायची लाज वाटत होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मला आडवं केलं, चेन काढून खडकावर धरली, आणि हातात दगड घेतला. एक घाव, दुसरा, तिसरा. मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी सगळं जंगल जागं झालं असतं.

लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून आम्ही घरी आलो. मग मास्तरांची भाषणं सुरू झाली. वाचनालयात, तालमीत, गणेश मंडळात, एकूण नऊ ठिकाणी. "नकाशाच्या जोरावर एकट्याने जंगल पार केलं. पण केरबाच्या चेनने ऐन घाटाच्या तोंडाशी घात केला!" असं म्हणून ते तुटकी चेन उंच धरत. लोक हळहळत. केरबा चेन मागायला आले तेव्हा मास्तर दारातूनच म्हणाले, "दुरुस्तीला नाही, पुराव्याला ठेवलीय."

केरबांच्या दुकानातली गिऱ्हाइकं पांगली. पंक्चर बघायच्या घमेल्यातलं पाणी पूर्वी दुपारपर्यंत काळं होई, ते आता संध्याकाळपर्यंत स्वच्छ राहू लागलं. ज्याने मला घडवलं त्याच्या पोटावर माझ्याच नावाने पाय आला होता. मी मास्तरांच्या परसात गंजत उभी होते आणि दातओठ खात होते. दात म्हणजे चेनचक्राचे, पण तेवढे पुरे होते.

माझी पाळी नवव्या भाषणाला आली. त्या दिवशी मास्तरांनी हौसेने मलाही व्यासपीठावर उभं केलं. त्यांनी चेन उंच धरली, तसे मागच्या रांगेतून केरबा उठले आणि सरळ पुढे आले. भरल्या सभेत मास्तरांना नाही म्हणता येईना. केरबांनी चेन हातात घेतली आणि ती तुटकी कडी अंगठ्याने चाचपली.

"मास्तर, वढून तुटली तर कडीचं भोक लांबतंय. ही तुटलेली न्हाय, चेचलीया. वरनं बी घाव, खालनं बी घाव."

"खडकावर आपटली असेल."

"मग एकटी चेनच आपटली व्हय? पायडलला साधा ओरखडा न्हाय!"

सभेत कुजबुज सुरू झाली. मास्तर लाल झाले. "पंक्चर काढणाऱ्याने मला शिकवू नये!"

केरबा शांत होते. "न्हाय शिकवत. हीच चेन, एक कडी बदलून, हिलाच घालतो. फोंड्याचा माथा गाठून परत येतो. वाटंत तुटली तर दुकान कायमचं बंद."

चौथ्या दिवसापर्यंतची मुदत ठरली. केरबा पन्नाशीचे, गुडघा दुखरा, आणि त्यांचं सगळं घर त्या दुकानावर चालायचं. मी माझ्या चेनला बजावलं, बाई, तुटायचं असेल तर घरी येऊन तूट.

आम्ही गेलो. चढावर केरबा उतरून चालत, उतारावर माझे ब्रेक हलक्या हाताने दाबत. नकाशा नव्हता, पण भेटेल त्या माणसाला ते वाट विचारत आणि त्यात त्यांना कसली लाज वाटत नव्हती. दाजीपूरच्या पुढे सडकेवर झुंबरबाई भेटली. तिने मला लगेच ओळखलं. "आगं बया! ही तर झाडावरच्या पावण्याची सायकल!" मग तिने सगळं सांगितलं आणि घरातून निळी वही आणून दिली. आम्ही माथ्यावर पोहोचलो. खाली कोकण पसरलं होतं. केरबांनी नाक्यावरच्या शिपायाची सही घेतली आणि माझ्या चेनवरून एकदा हात फिरवला.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानापुढे ही गर्दी! मास्तरही आले होते. केरबांनी आधी सहीचा कागद दाखवला, मग वही मास्तरांच्या हातात ठेवली.

"तुमचा नकाशा, मास्तर. जांभळीखाली पडलावता. झुंबरबाईनं निरोप दिलाय, परिसर बघायचा ऱ्हायला असंल तर परत या म्हणून."

मग जो हशा उसळला, तो राजारामपुरीच्या दोन गल्ल्या पलीकडे ऐकू गेला असेल. मास्तर कसेबसे म्हणाले, "केरबा, चुकलो."

"मला काय सांगताय? जिथं जिथं बोललासा तिथं तिथं जाऊन सांगा."

आणि ते गेले. वाचनालय, तालीम, मंडळ, नऊच्या नऊ ठिकाणी. दरवेळी मला बरोबर न्यायची, ही केरबांची अट होती. मी व्यासपीठावर ऐटीत उभी राहून प्रत्येक शब्द ऐकला. "मी घाबरलो, आणि चेन मीच फोडली," हे वाक्य मी नऊ वेळा ऐकलं, आणि दहाव्यांदाही आवडीने ऐकलं असतं. शेवटच्या दिवशी मास्तरांनी स्वतःच्या हाताने माझ्या चेनला तेल घातलं. मला दया आली नाही. तेल मात्र घेतलं.

ती चेचलेली कडी अजून केरबांच्या दाराच्या चौकटीला टांगलेली आहे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहतात. शाळेला जाताना मास्तरांना रोज तिच्यासमोरून जावं लागतं.

मित्रांनो, मला पुसायला विसरलात, तेल घालायला विसरलात, तर मी एकवेळ माफ करीन. पण आपल्या भीतीचं खापर आमच्यासारख्या मुक्यांवर आणि आम्हाला घडवणाऱ्या हातांवर फोडू नका. दगडाचा घाव आमच्या अंगावर राहतो, आणि तो वाचता येणारा एखादा मिस्त्री मागच्या रांगेत बसलेला असतो.