पाणघोड्याखाली उभं राहायचं

“हे ज्यानं काढलंय ना, तो लहानपणी हरवला असता तर त्याला शोधायलासुद्धा कुणी आलं नसतं!”

हे वाक्य घरातल्या नव्या सुनेनं ऐकलं. तिला ऐकवायचं म्हणून कुणी ते बोललं नव्हतं. सासरे बाहेरच्या खोलीत आपल्या मुलीशी बोलत होते आणि ही चहाचे कप घेऊन बोळात, बरोबर माझ्या पोटाखाली थबकली होती. ट्रेमधले कप एकमेकांना लागून किणकिणले. तिनं एक श्वास घेतला, चेहऱ्यावर चारचौघांत चालेलसं हसू चढवलं आणि बाहेरच्या खोलीत गेली.

मी पाणघोडा बोलतोय. घाबरू नका, पत्र्यावरचा आहे. रुंदी पाच फूट, उंची चार, अंग जांभळट करडं, गळ्यात पोहायचं लाल-पांढरं टायर आणि उजवा डोळा मिटलेला. एकतीस वर्षं मी एका पार्कच्या प्रवेशद्वारावर होतो. घसरगुंड्या, आकाशपाळणा, लाटांचा तलाव, मुक्कामाला दोनशे खोल्यांचं रिसॉर्ट, आणि या सगळ्याचा लोगो म्हणजे मी. तिकिटावर मी, टॉवेलवर मी, खोलीच्या किल्लीला लोंबकळणारा तोही मीच. आता एका घराच्या बोळात टांगलेला आहे. स्वयंपाकघरात जाणाऱ्याचा खांदा माझ्या पोटाला घासतो. सासूबाई रोज एकदा तरी म्हणतात, “हा जरा बारीक असता तर बरं झालं असतं.”

माझा पत्रा कापला कुणी ते आठवत नाही. रंगवलं ते याच घरातल्या सासऱ्यांनी. तेव्हा ते सासरे नव्हते, शिडीवर शीळ घालणारा तरणा रंगारी होते. त्यांची कामाची एक पद्धत होती. सगळं अंग रंगवून व्हायचं, टायर व्हायचं, दात व्हायचे, आणि डोळे अगदी शेवटी. “डोळे आधी काढले की चित्र आपल्याकडे बघत बसतं. मग हात लाजतो,” असं ते म्हणायचे.

त्या दिवशी डावा डोळा झाला. उजव्याच्या जागी खालच्या पापणीची नुसती काळी रेघ ओढून झाली होती, तेवढ्यात कुणीतरी सायकलवरून ओरडत आलं, “अरे, मुलगा झाला तुला!” रंगाऱ्यानं ब्रश डब्यात टाकला आणि शिडी तशीच ठेवून तो दवाखान्याकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पार्क उघडला. पहिल्याच घोळक्यातली एक मुलगी किंचाळली, “अय्या, हा डोळा मारतोय!” मग तिच्यामागचे सगळेच खिदळायला लागले. मॅनेजरनं रंगाऱ्याला सांगितलं, आता हात लावू नकोस. तिकिटं, टॉवेल, कप, सगळं त्याच मिटल्या डोळ्यानं छापलं गेलं. सासूबाई अजून मुलाला चिडवतात, “तू आलास आणि त्या बिचाऱ्याचा डोळा गेला.”

तेव्हा जन्मलेला तो मुलगा म्हणजे आपल्या नव्या सुनेचा नवरा.

दरवर्षी गर्दीचे दिवस सुरू होण्याआधी रंगारी शिडी लावायचा आणि मला नवं अंग चढवायचा. सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, ती एक रेघ.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. ते कुणी नेमून दिलेलं नव्हतं, आपोआप पडलं. पार्कात शिरताना आया मुलांना बजावायच्या, “हरवलास तर रडत फिरायचं नाही. पाणघोड्याखाली उभं राहायचं.” मुलं यायची, उभी राहायची. तिकीट खिडकीतली बाई नाकात पुकारायची, “पाणघोड्याखाली एक मुलगी उभी आहे. अंगात पिवळा फ्रॉक, एका पायात चप्पल. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावं.”

हरवलेलं मूल उभं असताना रडत नाही. ओठ घट्ट मिटून गर्दीतल्या प्रत्येक चेहऱ्याकडे बघतं. आई दिसली की मग भोकाड पसरतं. बाप घ्यायला आला तर तो घाबरलोच नव्हतो असं दाखवतो आणि उगाच मुलाची कॉलर नीट करत बसतो. रंगारी शिडीवर असला तर उभ्या मुलाला शिडीवर चढवून घ्यायचा आणि हातात कोरडा ब्रश द्यायचा. “तू पोट बघ, मी वरचं बघतो.” मूल मन लावून माझं पोट रंगवायचं. न्यायला माणूस आलं की ब्रश परत द्यायला विसरायचं. रंगाऱ्याचे असे कितीतरी ब्रश गेले.

माझ्याखालून सगळे जायचे. थांबायचं ते हरवलेलंच.

मग एका सोमवारी मला उतरवलं. माझ्या जागी प्लॅस्टिकचा नवा फलक चढला, आतून उजेड असलेला. त्यावर एका रेघेत काढलेला पाठीचा उंचवटा आणि डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. तो ऊन खात नाही, पोपडे धरत नाही, त्याला दरवर्षी रंगारी लागत नाही. मॅनेजर रंगाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आठवण म्हणून तुम्हीच घेऊन जा याला.” रंगारी टेम्पोत माझ्याशेजारी बसून घरी आला. वाटभर त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. घरात मी मावेन अशी भिंत एकच निघाली, बोळातली.

आणि मग गंमत सुरू झाली. नणंद रोज जेवताना फोनवरून नव्या लोगोवरची लोकांची मतं वाचून दाखवायला लागली.

“ऐका हं. ‘हा पाणघोडा आहे की उशी?’ ”

“बरोबर आहे,” सासरे म्हणायचे.

“ ‘आमच्या दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर हेच चित्र आहे.’ ‘माझं बालपण पुसून टाकलं.’ आणि हा बघा, यानं जुना पाणघोडा दंडावर गोंदवून घेतलाय. विचारतोय, आता मी काय करू?”

“पूर्ण बाह्यांचे शर्ट घाल म्हणावं,” सासूबाई.

जुना लोगो परत आणा म्हणून चाळीस हजार लोकांनी सह्या केल्या. माझा डोळा मिटलेला का, यावर तर वादच पेटला. एक म्हणे, पार्कच्या मालकाचा कुत्रा एका डोळ्यानं आंधळा होता, त्याची ती आठवण. दुसरा म्हणे, मिटलेल्या डोळ्याच्या दिशेला चोरवाट आहे. ते वाचून घरातले सगळे पोट धरधरून हसले. खरी गोष्ट फक्त त्यांना ठाऊक होती ना. कुणीतरी लिहिलं होतं, “जुना तरी कुठे देखणा होता? मला त्याची भीती वाटायची.” त्यावर मात्र सासरे ताटावरून उठले.

मी बोळातून ऐकत होतो. एवढं प्रेम! मग गेली काही वर्षं आठवड्याच्या मधल्या वारी प्रवेशद्वार ओस पडलेलं असायचं, तेव्हा ही माणसं कुठे होती कोण जाणे. आणि चाळीस हजारांतल्या एकानंही विचारलं नाही, की तो पाणघोडा आता आहे कुठे.

नवी सून या सगळ्यात हसायची, पण एक क्षण उशिरा. नणंद मायेनं म्हणायची, “वहिनी, तुला नाही गं कळायचं. आम्ही त्याच्याबरोबर वाढलोय.” यात दुष्टावा काही नव्हता. तिच्या माहेरी फिरायला जायची पद्धत नव्हती. तिनं मला लहानपणी पाहिलं ते शेजाऱ्यांच्या दोरीवर वाळणाऱ्या टॉवेलवर.

या घरात कुणी दिसेनासं झालं की नणंद अजून नाकात पुकारते. “पाणघोड्याखाली एक म्हातारा उभा आहे, अंगात फाटका बनियन...” सासरे “आलो गं” म्हणत हजर होतात. सासूबाईंना पुकारतात, भावाला पुकारतात. सुनेला अजून कुणी पुकारलं नव्हतं. ती कधी दिसेनाशी होतच नव्हती. हाक मारायच्या आत समोर उभी असायची.

एका सकाळी धुतलेले कपडे घेऊन ती आणि नवरा बोळात बोलत होते. अगदी हळू. पण माझ्या पत्र्याला सगळं ऐकू येतं.

“आज सांगू का?”

“आत्ता नको. वातावरण निवळू दे जरा.”

“महिना झाला. रोज जेवताना माझाच उद्धार चाललाय, आणि मीच वाढतेय.”

नवऱ्याला हसू आलं, मग त्यानं ते गिळलं. “पण तुला माहीत नव्हतं ना?”

“लग्न ठरताना तू सांगितलं होतंस, वडील रंगकाम करतात. मला वाटलं, भिंती.”

“आणि तू लोगो काढतेस म्हणालीस. मला वाटलं, बिस्किटांचे पुडे.”

दोघंही हसली.

“मी डोळा मिटलेलाच काढला होता,” ती म्हणाली. “तीनदा. लहान छापला की डाग वाटतो म्हणाले. चौथ्यांदा उघडला.”

म्हणजे ते नवं चित्र काढणारी हीच होती. दोन टिंबांची आई माझ्याच पोटाखालून चहाचे कप नेत होती! मला राग यायला हवा होता. पण त्या दुपारी सगळे झोपले असताना ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या मिटल्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. रेघेवर रेघ चढून तिथं जाड कड तयार झालीय. “किती थर आहेत हे,” ती पुटपुटली. एकतीस वर्षांत कुणी मला असा हात लावला नव्हता. मुलं पोटाला लावायची. डोळ्यापर्यंत रंगाऱ्याशिवाय कुणाचा हात पोहोचलाच नव्हता. राग कुठल्या कुठे गेला.

काल रविवार. सगळे जेवायला बसले होते. बोळाच्या दारातून मला अर्धं टेबल दिसतं.

“सापडलं!” नणंद ओरडली. “लोकांनी शोधून काढलं बघा, कुठल्या ऑफिसनं केलंय ते. वहिनी! अगं, हे तर तुझंच ऑफिस!”

चमचे थांबले.

“सांग ना, कोण आहे तो? तुला माहीतच असणार.”

नवऱ्यानं घसा खाकरला. “ऑफिसात ढीगभर माणसं असतात. हिला काय माहीत?”

“ढीगभर? वहिनीच म्हणाली होती, अकरा जण आहेत.”

सासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला. “सूनबाई, ओळखतेस का त्याला? मला भांडायचं नाही हं. त्या दिवशी रागात बोललो मी काहीबाही. एकच विचारायचंय. डोळा का उघडला?”

“नाही माहीत” एवढे दोन शब्द म्हटले असते तर जेवण पुढे सुरू झालं असतं. पाण्याचा रिकामा जग तिच्यासमोर होता. तो उचलून ती उठली. सगळ्यांना वाटलं, पाणी आणायला चालली. नेहमीसारखी.

पण बोळात आल्यावर ती पुढे गेलीच नाही. माझ्याखाली थांबली आणि दाराकडे तोंड करून वळली. जग छातीशी धरलेला, ओठ घट्ट मिटलेले, नजर टेबलावरच्या एकेका चेहऱ्यावरून फिरणारी. असा चेहरा मला नवा नाही. असली हजारो मुलं मी बघितली आहेत.

मी पत्रा. माझा रंग आता उडत जाईल, यापुढे नवं अंग मला चढायचं नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या घडीला एकदाच आवाज फुटायला हवा होता. म्हणालो असतो, रंगारीबुवा, माझं राहू द्या. हिच्या हातात ब्रश द्या.

आवाज फुटला तो तिला. लग्न होऊन आल्यापासून एवढ्या मोठ्यानं ती पहिल्यांदाच बोलली.

“पाणघोड्याखाली एक मुलगी उभी आहे. हातात पाण्याचा जग. नवं चित्र तिनं काढलंय. डोळा तिनं तीनदा मिटला होता, चौथ्यांदा तिच्याच हातानं उघडला. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावं.”