सहादूबाबांचा नवस

यशोधराबाईंनी पर्समधला रुमाल काढून माधुरीच्या डोक्याला बांधायला घेतला, तसा तिने तो हळूच सोडवून त्यांच्या हातात परत दिला.

"नको बाई. मुद्दामच कापलेत."

कालपर्यंत तिथे लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या होत्या. आज पोरांसारखे बारीक केस. हेडमास्तरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती ताठ बसली होती.

महिन्याभरापूर्वी प्रयोगशाळा झाडताना तिने बाईंना सांगितलं होतं, "मी मुलगी न्हाई बाई. लोक म्हणतात म्हणून हाय. मनात मी माझं नाव सम्राट ठेवलंय." असलं काही बाईंना ना बी.एड.ला कुणी शिकवलं होतं, ना कधी कानावर आलं होतं. "कुणाला बोलू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या. आपल्या भित्रेपणालाच आपण सांभाळून घेणं म्हणतोय, हे त्यांना कळत होतं.

हेडमास्तर गोरक्षनाथ सरांचा हुकूम सकाळीच सुटला होता. वेण्या येतील तेव्हाच शाळेत यायचं. नववीतली पोर तोवर घरी बसली की दारात मांडव पडायला कितीसा वेळ? तिच्या बापाने, नितीनने, नेवाशाचं एक स्थळ हेरूनही ठेवलं होतं.

शाळेच्या बोलावण्यावरून नितीनच येईल असं बाईंना वाटलं होतं. आले ते तिचे आजोबा, सहादूबाबा.

बाई त्याच वस्तीत वाढल्या. छप्पन साली वस्ती बौद्ध झाली तेव्हा सहादूबाबांनी घराघरातले देव एका धडप्यात बांधून प्रवरेत सोडले, ही गोष्ट त्यांनी आईच्या मांडीवर ऐकली होती. त्यानंतर ते कुठल्या देवापुढे वाकले नाहीत. नितीन लहानपणी आजारी पडला तेव्हा शेजारणीने आणलेला अंगारा त्यांनी दारातूनच परत पाठवला होता.

सगळे आत गेले. सहादूबाबा बसलेसुद्धा नाहीत.

"पोरीची चूक न्हाई सर. केस म्या कापले. नवस हुता."

"कसला नवस?"

"मढीच्या कानिफनाथाचा. मागं लई ताप आल्ता तिला. उतरंना. केस देईन म्हनून बोलून बसलो."

यशोधराबाईंनी चमकून वर पाहिलं. सहादूबाबा भिंतीकडे बघत होते. माधुरीने खालचा ओठ दातात धरला.

गोरक्षनाथ सर दरसाल मढीच्या यात्रेला जाणारे. त्यांचा चेहरा खुलला. ते खुर्चीत रेलले.

"तुम्ही? अहो, तुम्ही तर देव मानत नाही. शेवटी नाथांनी आणलंच म्हणायचं."

"आनलं," सहादूबाबा म्हणाले.

तेवढ्यावर भागलं नाही. सर बाईंकडे वळले.

"बाई, तुम्ही यांच्याच वस्तीतल्या. खरं आहे का हे?"

 बाईंची नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि खोटं न बोलण्याचं शील त्या रोज सकाळी म्हणत. त्यांची नजर माधुरीच्या मानेवर गेली. पुढचे केस वेडेवाकडे कापलेले होते, मागचे मात्र कुणीतरी जपून सारखे केले होते. सहादूबाबांच्या कोपरीच्या बाहीला एक काळा केस अजून चिकटलेला होता.

"हो सर," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे हा नवस."

सरांनी टेबलाच्या खणातून पुडी काढली.

"मढीचा अंगारा आहे. या, पुढे या."

 सहादूबाबांनी टोपी काढली आणि मान खाली घातली. सरांचं बोट कपाळावरून फिरत होतं तोवर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बाईंना ते बघवेना. त्यांना सरांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

"झालं," सर म्हणाले. "फिटला नवस. आता वाढू द्या केस. दिवाळीनंतर वेण्या दिसल्या पाहिजेत."

"तसं चालायचं न्हाई सर." टोपी अजून त्यांच्या हातातच होती. "धावी हुईस्तवर बोललोय. दर म्हैन्याला कापायचे."

सर पुडीकडे बघत राहिले. नाथांना बोललेल्या शब्दात आडवं कोण पडणार?

"बरं," ते शेवटी म्हणाले. "वर्गात बसू दे तिला."

बाहेर नळापाशी माधुरीने ओंजळीत पाणी घेतलं आणि आजोबांच्या कपाळाकडे हात नेला.

"हितं नको," सहादूबाबा म्हणाले. "सर खिडकीत हायेत. नदीवर जाऊन धुतो. आपल्या घरचे देव प्रवरेला ठावं हायती."

यशोधराबाईंनी खिडकीकडे पाहिलं. मग हातातला रुमाल पुढे केला. त्यांचा आवाज लहान होता, पण थरथरला नाही.

"हा घेऊन जा, सम्राट. आजोबांबरोबर नदीपर्यंत जाऊन ये."

या वेळी रुमाल घेतला गेला. सहादूबाबांनी चमकून मागे पाहिलं नाही. टोपी डोक्यावर ठेवत ते फाटकाकडे चालू लागले.

"लगीच माघारी धाडतो बाई," ते म्हणाले. "तास बुडाया नको त्याचा."