पहिल्या ओळीतलं नाव

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. मद्रासच्या एका ग्रंथालयातल्या लाकडी खणात, पोटाला भोक पाडून सळईत ओवलेलं. माझ्यावाचून पुस्तक सापडत नसे, म्हणून मी भारी ऐटीत असे.

१९७४ साली आमच्या ग्रंथपाल विमलाअक्कांनी मला काळ्या शाईनं तमिळमध्ये लिहिलं. अक्का तंजावरकडच्या मराठी, अक्षर देखणं. पहिल्या ओळीत विषय लिहिला, ‘गुन्हेगार जमाती – गाणी’. इंग्रजांनी काही जमातींवर मारलेला हा शिक्का विषयांच्या छापील यादीत तसाच होता आणि यादीबाहेर जायचं नाही ही आमच्याकडची शिस्त. खाली गाणी जमवणाऱ्या साहेबांचं नाव. ती गायली कुणी, हे लिहायची पद्धत नव्हती.

बारा वर्षांनी तुळसी नावाची कॉलेजातली मुलगी आली. मला वाचलं, खण लोटला आणि थेट अक्कांपाशी गेली.

“अक्का, त्या पुस्तकात माझ्या आजीचं गाणं आहे. आई आत्ता कुठं वाचायला शिकलीय. शनिवारी तिला आणणार होते. पण आधी ती हे कार्ड वाचेल. तिनं जन्मात कुणाच्या काडीला हात लावलेला नाही.”

अक्कांनी खण उघडून मला पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, “तुम्ही स्वतःला काय म्हणता?”

“कुरवर.”

“इतक्या वर्षांत मी कुणाला विचारलंच नाही, बघ.”

त्यांनी अर्धं ब्लेड घेतलं. मला वाटलं, संपलं आपलं. रद्द कार्डांच्या पाठीवर आमच्याकडे चिठ्ठ्या लिहितात. पण अक्कांनी फक्त पहिली ओळ खरवडली. फार झोंबलं. तिथं ‘कुरवर – गाणी’ लिहून मला ‘कु’च्या खणात नेलं.

शनिवारी तुळसीची आई आली. बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचू लागली आणि साहेबांच्या नावापाशी थांबली.

“हे कोण?”

“ज्यांनी गाणी लिहून घेतली ते, अम्मा.”

“गायली माझ्या आईनं. मुनियम्मानं. ती कुठाय?”

अक्कांनी मला सळईतून काढलं आणि पेन तिच्याच हातात दिलं. चार वाकडी अक्षरं उमटायला किती वेळ लागला! आजवर मी पुस्तकं दाखवली होती. त्या दिवशी माझ्यात एक माणूस राहायला आलं. एवढ्याशा कागदावर एवढं मोठं काही मावतं, याचं नवल मला अजून वाटतं.

आता १९९६ आहे. आमच्यावरचा मजकूर संगणकात भरताहेत. मित्रांनो, मला उजेडासमोर धरलंत तर खरवडलेली जागा पातळ दिसेल. कुणालाही नाव देण्याआधी त्याला विचारा. आणि ती शेवटची वाकडी ओळ यादीत बसत नाही म्हणून मुनियम्माला गाळू नका.