नखाला लागलेली चीर

पाटोद्याला आसारामच्या भंगाराच्या दुकानात ती सायकल तेलाच्या रिकाम्या डब्यांमागे उभी होती. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल तेवढं दिसत होतं. सुंदररावांनी ते पाहिलं आणि सुनेला विचारलं, "ही? हिच्यावर माणूस बसतो का वाकून नमस्कार घालतो?"

स्वप्नाली हसली नाही. ही सायकल मिळाली तर तिची नोकरी टिकणार होती. चौसाळ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती प्रयोगशाळा सहायक होती, तीही हंगामी. वस्तीवरून चौसाळ्याला जायचं तर दीर अंगदच्या मोटारसायकलवर बसून. अंगदला काम निघालं, कंटाळा आला, कुणी पार्टीला बोलावलं, की ती घरी. नवरा पुण्यात कंपनीत होता. त्याला फोनवर सांगितलं की तो म्हणायचा, अंगदला सांगतो. प्राचार्यांनी शेवटी आवाज न चढवता सांगितलं होतं की पुढच्या सत्रात वेळेवर येणारं माणूस बघावं लागेल.

स्कुटीला सुंदररावांनी साफ नकार दिला होता. स्कुटीवर बाई कुठंबी जाईल, असं त्यांचं म्हणणं. सायकलीला मात्र ते कसेबसे तयार झाले, कारण सायकल दमते असं त्यांना वाटत होतं. अटही होती. एकदाच येतो, बरी निघाली तर घेऊ, नाहीतर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

छत्रपती संभाजीनगरला शिकताना ती अशा सायकली चालवत असे. त्यामुळे तिला कुठं बघायचं ते ठाऊक होतं. पर्समधून तिनं लोहचुंबक काढलं आणि फ्रेमच्या प्रत्येक नळीवरून फिरवलं. सगळीकडे सारखं चिकटलं, म्हणजे पोलादच, मध्ये कुठं भोक बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली नाही. मग मागच्या चाकाच्या एका बाजूपासून दोरा काढून पुढच्या डोक्याला, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीला, वळसा घातला आणि तो दुसऱ्या बाजूला आणला. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं भरलं. फ्रेम सरळ होती. ब्रेकच्या तारा हँडलवरून कमानीसारख्या बाहेर आलेल्या, गेअरच्या दांड्या तिरप्या नळीवर. सायकल चाळीस वर्षांपूर्वीची तरी असणार. चाकाला काडी लावून ते फिरवलं. थोडं आउट होतं, पण तारा आवळल्या की सरळ झालं असतं.

सुंदरराव टक लावून बघत होते. बैलबाजारात त्यांनी दलाल म्हणून आयुष्य घालवलं होतं. दात, खूर, भोवरे बघणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती, पण सून असं काही बघते हे आजच पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि ते तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

मग ती खाली वाकली. तिरपी नळी पुढच्या डोक्याला मिळते, तिथं खालच्या बाजूनं रंगाला सुरकुती होती. तिनं नख आडवं फिरवलं. ते अडकलं. केसाएवढी चीर, कडेला तांबूस गंजाची रेघ. कधीतरी ही सायकल समोरून जोरात आदळली होती. पितळ ओतून गॅस वेल्डिंग केलं तर सांधली असती, पण ते चालवण्याआधी करायला हवं होतं.

सुंदररावांनी तोवर खांद्यावरचं उपरणं काढून आसारामच्या हातावर टाकलं होतं. उपरण्याखाली बोटं धरून सौदा करायची त्यांची सवय भंगारातही सुटत नव्हती. त्यांचा एक नियमही होता. हात आत घालण्याआधी विकणाऱ्यानं खोड बोलायची. बोललेली खोड घेणाऱ्याची, लपवलेली निघाली तर जनावर परत. पण आसारामला सायकलीतलं काय कळतं, म्हणून आज त्यांनी त्याला विचारलंच नाही.

"तू बघितलीस," ते सुनेकडे वळून म्हणाले. "खोड हाय का?"

हो म्हटलं असतं तर ते तिथूनच माघारी फिरले असते. खोडीचं जनावर त्यांनी कधी दावणीला आणलं नव्हतं. अंगदच्या मोटारसायकलची मागची सीट तिच्या डोळ्यांसमोर आली.

"नाही, मामा," ती म्हणाली.

सायकल घरी आली. सुंदररावांनी चौसाळ्यात ज्याला त्याला सांगितलं की सुनेनं चुंबक लावून, दोरा लावून पारखली. गावात वेल्डिंग करणारा एकच, अजिनाथ. चिरेतला जुना गंज त्यानं पहिल्या नजरेत ओळखला असता आणि संध्याकाळपर्यंत तो मामांच्या कानावर घातला असता. मग मामा पाटोद्याला जाऊन, ज्याला त्यांनी काही विचारलंच नव्हतं त्या आसारामची, खोड लपवली म्हणून बाजारात लाज काढणार. म्हणून ती गेली नाही. त्यातच अंगद मोटारसायकल घेऊन भावाकडे पुण्याला गेला. वहिनीची सोय झाली म्हणाला.

वस्तीच्या पुढं रस्ता ओढ्याकडे एकदम खाली जातो. तिथं ती रोज सायकलवरून उतरायची आणि चालत खाली जायची. समोरचा चढ मात्र बसून चढायची. रानात काम करणाऱ्या बायकांना त्याची गंमत वाटू लागली. रतनबाई तर म्हणाली, सुंदररावाची सून उलटी हाय, लोक चढाला उतरतेत, ही उताराला.

ते सुंदररावांच्या कानावर गेलं, पण ते हसले नाहीत. संध्याकाळी ती सायकल गोठ्याशी लावत होती, तेव्हा ते जवळ आले.

"उताराला कावून उतरतीस?"

ती म्हणाली, ब्रेक नवे नाहीत, भीती वाटते.

"उताराला बिचकणारा बैल मी लई बघितला. तो उताराला भेत न्हाई. त्याच्या खांद्यात कायतरी असतं."

ते उकिडवे बसले. बैलाच्या वशिंडावरून फिरवावा तसा त्यांनी नळीवरून हात फिरवला. राठ पडलेला अंगठा चिरेवरून गेला आणि थांबला नाही.

"ठीक हाय की," ते उठत म्हणाले. "भ्यायलीस तू. उद्या मी उताराला उभा राहतो, माझ्यासमोर बसून जा. लोक म्हणायला लागलेत, सुंदररावानं खोडीची घेतली."

तिनं उताराचा तळ आठवला, तिथला फुटलेला पूल, आणि तो येईपर्यंत सायकलीला येणारा वेग. गप्प राहिलं तर उद्या तिथून जायचं. बोललं तर सायकल गेली.

"मामा," ती म्हणाली, "नखानं बघा."

ते पुन्हा बसले. त्यांनी नख फिरवलं. बराच वेळ त्यांनी बोट उचललं नाही.

"कवा दिसली?"

"पाटोद्यालाच."

त्यांनी वर पाहिलं नाही. "आसारामला मी विचारलंच न्हाई. तुला विचारलं." मग म्हणाले, "आता ही परत नेता येत न्हाई. अन् तुला हिच्यावर बसू देता येत न्हाई."

"अजिनाथकडं नेते. सांधून देईल तो."

"त्याला काय सांगशील?"

"मी पाहिलं होतं आणि नाही म्हणाले, असं सांगेन."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घरात गेले.

सकाळी ती डबा घेऊन बाहेर आली. सायकल गोठ्यात मारक्या बैलाच्या खुंट्याला बांधलेली होती. दावं फ्रेमला दोन वेढे देऊन आवळलेलं, आणि गाठ सुंदररावांचीच, बाजारात बैलानं ओढलं तरी न सुटणारी. ते ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नको म्हणाले नाहीत, उठून गाठ सोडूनही दिली नाही.

तिनं डबा खाली ठेवला आणि गाठीत नख घातलं. दावं ओलं होतं. सायकल ढकलत अजिनाथकडे न्यायची होती, आणि चौसाळ्याला आता पहिल्या तासाच्या बाटल्या मांडायची वेळ होत आली होती. तिनं ओढून, सैल करून, पुन्हा ओढून पाहिलं. एक पदर निघाला. त्याखाली दुसरी गाठ होती, पहिलीहून घट्ट. ओट्यावर कप खाली ठेवल्याचा आवाज आला. ती उकिडवी बसली आणि दुसऱ्या गाठीला लागली.