उकंडरावाची घागर

एक होता उकंडराव, एक होती रुखमाबाई. वडनेर भोलजीत त्यांचं घर, आणि त्या घराच्या भिंतीवर मी. मी चीन देशातलं जुनं शहर बोलतोय. नदीकाठचं, घाटाचं, काळ्या शाईत कागदावर काढलेलं चित्र.

पलटणीत गेलेल्या उकंडरावानं मला रंगूनच्या एका चिनी म्हाताऱ्याकडून घेतलं. लढाईत पलटण मागं हटली, त्या माघारीच्या वाटेवर मी गुंडाळी होऊन त्याच्या पाठीवर होतो. तो पाण्यावाचून गेला. "घोटभर, घोटभर" म्हणत गेला. माझ्यात एवढी मोठी नदी, पण एक घोट देता आला नाही.

सोबत्यानं मला घरी आणलं अन् मान खाली घालून "हरवला" एवढंच बोलला.

रुखमाबाईनं माझ्या घाटावरचा एक माणूस हेरला. "हे काय, इथं हायेत ते. येतीन." त्याला ती रोज कुंकू लावायची. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर मेल्या माणसांच्या नावानं घागरी भरतात. उकंडरावाची कधी भरली नाही. जित्या माणसाची घागर कोण भरतं? मरताना तिनं लेकीला, मनकर्णाला, शपथ घातली: त्याची घागर भरायची नाही, रोजचं कुंकू चुकवायचं नाही.

पण दर अखाजीला माझ्याखालचा भरलेला रांजण सकाळी कोरडा निघे. फुटका म्हणून तीन रांजण बदलले. माझ्या घाटाच्या पायऱ्या तेवढ्या ओल्या असत.

यंदा अखाजीच्या आदल्या दिवशी मनकर्णाची नात सुचिता मला कापसानं पुसायला बसली.

"माह्या बापाचं कुंकू काऊन पुसून राह्यली वं?" मनकर्णाबाई खेकसली.

"आजी, पाह्य तरी! याच्या खांद्यावर कावड हाय. पाणी न्यायले आला हा."

ऐंशी वर्षं कुंकवाखाली ती कावड कोणाला दिसलीच नव्हती. म्हातारी चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिली.

"तहानेला हाय वं माहा बाप. दर अखाजीले रांजण तोच रिता करते. गेला तो, तव्हाच गेला. अन् आपण त्याले पाणी नाही देल्लं."

"मंग पणजीची शपथ?"

"मायले वर जाऊन मी समजावतो. तू घागर आण."

जन्मात न पाहिलेल्या बापाच्या नावानं तिनं घागर भरली, वर आंबा ठेवला, आणि लहान पोरीसारखी रडली.

दुसऱ्या सकाळी रांजण काठोकाठ होता. माझ्या घाटावर मात्र कोणीच नव्हतं. उरला आहे फक्त तांबूस डाग. बायांनो, तेवढा पुसू नका.

आठवड्यानं परसातल्या विहिरीचा पोहरा सुचितानं तोंडाला लावला. पिढ्यान्‌पिढ्या खारं असलेलं पाणी गोडं लागलं, जणू कोणी भरली कावड तिथं रिती केली. आता अख्खी आळी तिथं घागरी घेऊन येते.